हाक्यातली तिसरी हाक

आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. भर दुपारी, ट्यूबलाइट चालू असताना घडलेली गोष्ट आहे. तेवढ्यावर ज्यांचं भागत नसेल त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, माझी तक्रार नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती अंजू, माझी सख्खी मावसबहीण. सापगावची. शहापूरच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाला आहे. आणि यातला शेवटचा प्रसंग मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसून पाहिलाय. त्यामुळे "कोणाकडून तरी ऐकलं" असला हा प्रकार नाही.

तारीख हवी? गेल्या वर्षीचा डिसेंबर. दुसरा रविवार. दुपारचे सव्वातीन.

जागा... भातसानगर. धरणाच्या कॉलनीतला जुना हॉल.

तर अंजूला नाटकाचं वेड. साधंसुधं नाही, पगारातून पडदे शिवणारं वेड. दरवर्षी एक एकांकिका बसवायची आणि कल्याणच्या स्पर्धेला न्यायची. त्या वर्षी तिला लायब्ररीच्या रद्दीत एक पुस्तक सापडलं. इंग्रजांच्या काळातलं. कोण्या साहेबाची शिकारकथा, जुन्या मराठीत केलेली. एकेकाळी म्हणे पोरं ती तोंडपाठ म्हणायची. तानसाच्या जंगलात नरभक्षक वाघ, मचाणावर साहेब, खाली हाका घालणारी माणसं. हाका म्हणजे डबे बडवत, ओरडत रांगेनं पुढे सरकायचं आणि वाघाला साहेबाच्या बंदुकीपुढे काढायचं.

त्यात एक ओळ होती.

"दुपारपर्यंत वाघ आडवा झाला. या गडबडीत एक कुली कमी भरला."

बस. पुढच्या ओळीत वाघाची लांबी. नऊ फूट सात इंच.

अंजूचं डोकंच फिरलं. "वाघाला टेप लावली मेल्यांनी, आणि माणसाला नाव पण नाय?"

तिथून नाटक सुरू झालं. तिनं ती गोष्ट आजच्या काळात आणली. हाकेवाले जीन्स घातलेले, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं, हातात पत्र्याच्या डब्याऐवजी रंगाच्या बादल्या. साहेब म्हणजे धरणावरचा क्लार्क रविंद्र, रंगाऱ्यांच्या परांचीवर चढून बसलेला. आणि तो कमी भरलेला कुली तिनं नाटकाच्या मधोमध उभा केला. त्याला नाव दिलं.

जैतू.

कुठून आणलं नाव? कुठूनच नाही. मनाला आलं ते ठेवलं.

जैतूचं काम तिच्या धाकट्या भावाला, किशोरला. किशोर आसनगावच्या एका कंपनीत मशीनवर. काम बेताचंच करायचा, पण बहिणीपुढे चालतंय कोणाचं?

आता हाका कसा घालतात हे पोरांना काय ठाऊक! म्हणून तानसाकडच्या एका पाड्यावरून चांगोबाबांना आणलं. त्यांचे आजोबा साहेबांच्या हाक्याला जायचे. म्हाताऱ्यानं दोन रविवार बसून सगळं शिकवलं. ओरडायचं कसं, पाय टाकायचा कसा, रांग कशी तुटू द्यायची नाही.

शेवटी म्हणाले, "आन् हाक्यातून भायेर आलं का नावं घ्याची. एकेकाचं. ज्याचं घेतलं त्यानं ओ द्याची. नाय दिली तं आजून एकदा घ्याचं. मंग तोंड बंद आन् पाय चालू. हुडकाया जायाचं."

"आणि तिसऱ्यांदा?" अंजूनं वहीतून मान वर केली.

"तिसऱ्यांदा नाय."

"का पण?"

चांगोबाबांनी विडी जमिनीवर विझवली.

"दोन हाकंला जो ओ देत नाय, त्यानं तिसरीला दिली... तं तो तो नसतो गो पोरी."

अंजूनं वहीत लिहून घेतलं. शब्दनशब्द.

आणि नाटकात तीन हाका ठेवल्या.

का? तर म्हणे दोन हाका पुऱ्या वाटत नाहीत. जिना चढताना शेवटची पायरीच नसावी तसं होतं. हा नाटकवाल्यांचा जुना रोग. स्टेजवर सगळं तीनदा लागतं यांना. चांगोबाबा कुठे स्पर्धा बघायला येणार होते?

तो दुसरा रविवार. शेवटचा प्रवेश पहिल्यांदाच उभा राहत होता.

जैतू हाक्यात मरतो. म्हणजे किशोरनं मागच्या दारानं बाहेर जायचं, पाण्याच्या टाकीपाशी थांबायचं. मग रांग पुढे येते आणि नावं घेणारी बाई, म्हणजे स्वतः अंजू, एकेकाला हाक मारते. सगळे ओ देतात. एकच देत नाही.

"जैतू..."

शांत.

"जैतू..."

शांत. टाकीवरची साळुंकीसुद्धा गप्प झाली. अंजूला वाटलं, वा, काय शांतता मिळाली!

"जै...तू..."

...

"ओ."

मोठ्यानं नाही. दमलेला माणूस देतो तशी. मागच्या दारातून.

सगळे फिस्सकन हसले. रविंद्र वरून ओरडला, "ए किशोर, मेलायस ना तू? मेलेला ओ देतो काय?"

तेवढ्यात पुढचं दार उघडलं.

किशोर आत आला. हातात वडापावची पिशवी, डोक्यावर हेल्मेट. "माझं काम संपलं ना, म्हणून नाक्यावर गेलेलो. काय झालं? असं काय बघताय सगळे?"

हसू जागच्या जागी थांबलं.

मग काय, माणूस कारणं शोधतोच. कॉलनीतलं कोणी असेल. हॉल घुमत असेल. मागचं दार उघडून बघितलं. टाकी, वाळलेलं गवत, पलीकडे झाडं. बाकी कोणी नाही.

वडे खाल्ले आणि विषय संपवला.

पुढचा रविवार. किशोरची शिफ्ट लांबली, म्हणून त्याच्याशिवाय हाका सुरू केला. सातजणांची रांग, मध्ये त्याची जागा मोकळी. जागेवर फक्त त्याची बादली, उपडी. धडाधड धडाधड करत रांग पुढे आली. अंजूनं हात वर केला. सगळे थांबले.

एक बादली वाजतच राहिली.

धड... धड... धड.

मग तीही थांबली.

जो तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत होता. रविंद्र परांचीवरून खाली उतरून अंजूजवळ आला.

"अंजू, मी वरून बघत होतो," तो हळूच म्हणाला. "बादली हलत होती. काठी नव्हती कोणाची."

"कंप जातो रे जमिनीतून. सगळ्या वाजत होत्या ना?"

त्या दिवसापासून रविंद्र मागच्या दाराकडे पाठ करून बसत नसे.

तासाभरानं किशोर आला. आला तो सरळ आपल्या जागेवर उभा राहिला आणि बादली उचलली. आणि काय सांगू तुम्हाला, ते पोरगं असं चाललं, असं ओरडलं, की बाकीचे बडवायचे थांबले! पाय टाकायची रीत तर चांगोबाबांच्यापेक्षा जुनी.

"मस्त! किशोर, जरा डावीकडे," अंजू म्हणाली.

किशोर हलला नाही.

"किशोर! डावीकडे!"

ढिम्म.

अंजू वैतागून म्हणाली, "अहो जैतूराव, डावीकडे सरका."

किशोर लगेच डावीकडे सरकला.

पोरं हसली. भूमिकेत घुसलाय म्हणाली. आणि खरं सांगायचं तर अंजूला आवडलं ते. तिनंच मला नंतर रडत सांगितलं. "मला तेव्हाच कळलं होतं रे काहीतरी चुकतंय. पण काम इतकं चांगलं होत होतं... मी गप्प बसले."

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

जनामावशी, म्हणजे या दोघांची आई, जेवायला हाक मारायची. किशोर मागच्या दारात उकिडवा बसलेला. तोंड झाडांकडे. ओ नाही. हलवलं की उठायचा, गपचूप जेवायचा, पुन्हा तिथंच जाऊन बसायचा. सकाळी त्याच्या पायांत कुसळं आणि काटे. रात्रभर तर तो मावशीच्या शेजारी झोपलेला!

कंपनीतून फोन आला. हजेरीला नाव घेतलं तर हा बोलत नाही. समोर उभा असून दोन खाडे पडले.

"काय केलंस गो माज्या पोराला?" मावशी अंजूवर धावून गेली. "नाटक नाटक करतेस... माजा पोरगा मला ओ देत नाय!"

अंजू मागच्या दारात गेली. भावाच्या पाठीमागे उभी राहिली.

"किशोर."

काही नाही.

"किशोर..."

काही नाही.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं... आणि तिला चांगोबाबांचं बोलणं आठवलं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रजा टाकून ती चांगोबाबांच्या पाड्यावर गेली. म्हातारा अंगणात पेंढा रचत होता. तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. तीन हाकांचं सांगताना तिची मान खाली गेली.

चांगोबाबा चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"नाव कोनाचं घेतलंस?"

"कोणाचंच नाय बाबा. मनाचं ठेवलं."

"मंग झालं. त्याचंच झालं ते." म्हातारा खाली बसला. "शंबर वर्सं त्याला कोनी कसल्याच नावानं हाक नाय मारली गो. तू कायबी नाव घेतलं असतंस, तरी तो आला असता."

अंजूला तिथंच रडू फुटलं. भीतीनं नाही, असं ती म्हणते.

"पण किशोर? त्याला काय झालंय?"

"तो किशोरच्या जाग्यावं उभा राह्यलाय ना? एका जाग्यावं दोघं कसं मावतील?" चांगोबाबा तानसाच्या झाडीकडे बघत होते. "मंग किशोर त्याच्या जाग्यावं उभा असंल."

त्याला परत कसं आणायचं, ते अंजूनं विचारलं.

उपाय एकच होता. ज्या रांगेतून हाक मारली ती रांग पुन्हा उभी करायची. दोन हाका मारायच्या. मग जैतूचा हात हाती येईपर्यंत तोंड बंद ठेवून पायांनी जायचं आणि त्याला हात धरून घरी न्यायचं, म्हणजे किशोरची जागा मोकळी होईल. वाटेत मागे बघायचं नाही, हात सोडायचा नाही.

"आणि परवा तर आमी कल्याणला असू बाबा. हॉलमध्ये नसू."

"जागा कायबी असू दे. रांग उभी राह्यली का जंगल आलंच."

कोणाच्या घरी न्यायचं, हे विचारायचं अंजूला सुचलं नाही.

शनिवार. कल्याण. दुपारी बाराचा प्रयोग. मी मुरबाडहून मुद्दाम आलो होतो, तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माहीत होतं फक्त अंजूला आणि रविंद्रला. रविंद्र म्हणत होता प्रयोग रद्द कर. अंजू म्हणाली, "रांग आजच उभी राहणारेय. आज नाय आणला तर माझा भाऊ तिकडंच राहील."

नाटक चालू झालं. किशोरनं काय काम केलं! शेजारचा माणूस म्हणाला, हा पोरगा कुठला हो? मी ऐटीत सांगितलं, माझा मावसभाऊ. मूर्ख मी.

मग वाघ पडला. किशोर उजव्या विंगेत गेला. रांग पुढे येऊन थांबली. अंजूनं नावं घ्यायला सुरुवात केली. एकेकानं ओ दिली.

"जैतू."

शांत. थिएटरचे पंखेसुद्धा ऐकू येईनात.

"जैतू..."

शांत.

स्टेजवरची पोरं श्वास धरून उभी. त्यांना माहीत होतं, आता तिसरी हाक आणि मग अंधार.

अंजूनं ओठ घट्ट मिटले.

ती वळली... आणि उजव्या विंगेत चालत गेली.

आत, ती सांगते, नुसता काळोख नव्हता. वाळक्या गवताचा वास होता. पायांखाली लाकडी फळ्या असायला हव्या होत्या, त्या लागत नव्हत्या. समोर कोणीतरी उकिडवं बसलं होतं, तिच्याकडे पाठ करून. तिनं खाली वाकून हात धरला.

किशोरचा हात मशीनवरचा, तोही राठच. पण हा हात... भेगा पडलेला, सालीसारखा. आणि गार.

"चल," ती म्हणाली. "घरी जाऊ."

त्या हातानं तिचा हात इतका घट्ट धरला, की तिला कळ आली.

आता मला काय दिसलं ते सांगतो. अंजू विंगेतून उजेडात आली. एकटी. उजवा हात मागे, मूठ अर्धवट मिटलेली, आणि खांदा ओढला गेलेला. मागे कोणाला तरी घेऊन चालावं तशी ती चालत होती. मागे कोणी नव्हतं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तेवढ्यात डाव्या विंगेतून किशोर धावत आला.

धापा टाकत. केसांत गवत.

"ताई!" तो ओरडला. "किती हाका मारल्या तुला! ऐकू येत नव्हतं काय गो?"

आणि तो स्टेजवर मटकन बसून लहान पोरासारखा रडायला लागला. पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होतो.

पुढे निकाल लागला तेव्हा अभिनयाचं पहिलं बक्षीस अंजूला मिळालं. ती ते घ्यायला गेली नाही. रविंद्र गेला.

परतीच्या टेम्पोत मी त्यांच्यासोबत होतो. किशोर तिच्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. मध्ये जागा झाला तेव्हा मी विचारलं, कुठे होतास रे तू? तर म्हणाला, "रांगेत होतो. सगळे पुढं पुढं गेले. सगळ्यांची नावं घेतली, माझं कोणी घेतच नव्हतं." आणि पुन्हा झोपला.

अंजूनं डाव्या हातानं पाणी प्यायलं. उजवा हात मांडीवर होता, तसाच अर्धवट मिटलेला. मी म्हटलं मुंग्या आल्यात का? ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गप बस ना जरा."

सापगावात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. ऊन अजून अंगणात होतं.

जनामावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं लांबूनच भीत भीत हाक मारली, "किशोर?"

"ओ, आई."

मावशीच्या हातातला तांब्या हिंदकळला. पोराला कवटाळून ती जी रडली! मग त्याच्या पायांवर पाणी घातलं, अंजूच्या घातलं, माझ्या घातलं. मला बरं वाटलं. चला, सुटलो एकदाचे.

मग मावशीनं अंजूच्या मागे बघितलं.

तिला यातलं काही म्हणजे काहीच सांगितलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

"आन् ह्यो पावना?" मावशी म्हणाली. "किती दमलाय गो... पायाला काय लागलंय त्याच्या? असा उनात उभा काय ठेवलास त्याला?"

तिनं पुढे होऊन उरलेलं पाणी अंजूच्या मागे, रिकाम्या फरशीवर ओतलं.

सगळी फरशी भिजली. दोन पावलांएवढी जागा कोरडी राहिली.

मी मागे सरकलो. किशोर आईला बिलगला. अंजू मात्र हलली नाही. चांगोबाबा "घरी ने" म्हणाले होते, त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला असावा. तिनं एकदा भावाकडे बघितलं, एकदा उंबऱ्याकडे.

"ये रे, जैतू," ती म्हणाली. "आत ये."

आणि तिची मूठ हळूच सुटली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. किशोर ठणठणीत आहे, कामावर जातो, पहिल्या हाकेला ओ देतो. नाटकाचा ग्रुप मोडला. अंजूच्या घरी आता कोणी कोणाला लांबून हाक मारत नाही. काही सांगायचं असलं की उठून जवळ जातात, खांद्याला हात लावतात.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. निघताना अंगणात अंजूला विचारलंच. "तो अजून आहे?"

"माहीत नाय."

"मग चांगोबाबांना विचार ना. काहीतरी करून सोड त्याला. किती दिवस ठेवणार?"

अंजू माझ्यावर एवढी चिडली, तेवढी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"कुठं सोडू? नाव मी ठेवलंय ना रे त्याचं? आता तो कोणाकडं जाईल?"

आतून मावशी कोणाला तरी अजून भात घे म्हणत होती. किशोर तर माझ्या शेजारी गाडी पुसत होता, आणि त्या घरात या तिघांशिवाय चौथं कोणी राहत नाही.

मी चपला घातल्या. मान वर न करता घातल्या.